गुन्हेगारी सत्यकथांचा वाचक गट ग्रंथालयात कसा चालवावा

कोणत्याही सार्वजनिक ग्रंथालयाची देवघेव नोंदवही उघडून पाहिली, तर निवृत्त पोलीस अधिकाऱ्यांच्या आठवणी, गाजलेल्या खटल्यांच्या हकिकती आणि पत्रकारांनी लिहिलेल्या तपासकथा ही पुस्तके कपाटात फार दिवस राहत नाहीत, असे दिसते. त्यांचे कोपरे दुमडलेले असतात आणि बांधणी सैल झालेली असते. मात्र या पुस्तकांविषयी वाचक आपसात क्वचितच बोलतात. कादंबरीवर चर्चा होते, आत्मचरित्रावर होते, कवितेवर तर होतेच. खुनाच्या खटल्याचे पुस्तक मात्र पिशवीतून घरी जाते आणि पिशवीतूनच परत येते. या वाचनात काहीतरी कमीपणाचे आहे, अशी एक समजूत त्यामागे असते आणि ती दूर करण्यासाठी ग्रंथालयाइतकी योग्य जागा दुसरी नाही. तेथे जुनी वर्तमानपत्रे आणि शब्दकोश असतात, कायद्याची निदान चार पुस्तके असतात आणि कोणाच्याही घराबाहेरची, सर्वांना सारखीच मोकळी असलेली बैठकीची जागा असते.

एका लहान शहरातील वाचनालयात असा गट मी गेली काही वर्षे चालवत आहे. पुढील सूचना त्या अनुभवातून आलेल्या आहेत. ग्रंथपाल, कार्यकारी मंडळाचे सदस्य किंवा साधे वर्गणीदार सभासद यांपैकी कोणालाही त्या उपयोगी पडाव्यात. असा गट टिकतो तो एका प्रश्नावर: ‘हे आपल्याला कसे कळले?’ पुस्तकातील प्रत्येक विधानाला हा प्रश्न विचारण्याची सवय लागली, तर वाचन गंभीर होते. ती लागली नाही, तर बैठक चार-सहा महिन्यांत रक्तरंजित तपशिलांच्या देवाणघेवाणीवर येते आणि ज्या सभासदांनी खरोखर वाचायला यायचे, ते हळूहळू येईनासे होतात.

आधी हद्द ठरवावी

गटाची सूचना फलकावर लागली की पहिल्या आठवड्यात रहस्यकथांचे वाचकही नाव नोंदवतात. बाबूराव अर्नाळकरांपासून चालत आलेली रहस्यकथेची परंपरा मोठी आहे आणि तिच्यासाठी वेगळा गट अवश्य असावा. परंतु दोन्ही प्रकार एकाच बैठकीत घेऊ नयेत. रहस्यकथेत मेलेला माणूस लेखकाने निर्माण केलेला असतो. सत्यकथेत मेलेल्या माणसाचे घर होते, नातलग होते आणि त्यांपैकी काही आजही हयात असू शकतात. वाचकाने पुस्तक कसे हाताळावे, हे या एका फरकाने बदलते.

गटाच्या कक्षेत तपास अधिकाऱ्यांच्या आठवणी, वकिलांनी लिहिलेल्या खटल्यांच्या हकिकती, पत्रकारांची पुस्तके, शिक्षा झालेल्या व्यक्तींचे आत्मकथन आणि न्यायालयांचे निकाल, एवढे साहित्य घ्यावे. न्यायालयात अद्याप चालू असलेले खटले मात्र कोणत्याही परिस्थितीत घेऊ नयेत. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांवरील ‘ब्लॅक फ्रायडे’ या पुस्तकावर आधारलेल्या चित्रपटाचे प्रदर्शन, खटल्याचा निकाल लागलेला नसल्याने मुंबई उच्च न्यायालयाने रोखले होते आणि तो २००७ मध्येच पडद्यावर येऊ शकला, हे उदाहरण सभासदांना सांगावे. पंधरा माणसांच्या बैठकीने न्यायाधीशावर दडपण येत नाही, हे खरे. पण अपुऱ्या माहितीवर एखाद्याला दोषी म्हणून टाकण्याची सवय लागते आणि ती पुढच्या प्रत्येक पुस्तकात डोके वर काढते.

लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणांबाबत कायदा स्पष्ट आहे. पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम २२८-अ मध्ये असलेली आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ मध्ये आलेली तरतूद अशा गुन्ह्यातील पीडितेची ओळख प्रसिद्ध करण्यास मनाई करते. पीडिता हयात नसली तरी ही मनाई लागू राहते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये निपुण सक्सेना प्रकरणात सांगितले आहे. म्हणून एखाद्या जुन्या पुस्तकात असे नाव छापलेले असले, तरी आपल्या टिपणांत, फलकावर किंवा व्हॉट्सॲप गटावर ते येता कामा नये. बालकांशी संबंधित प्रकरणे आम्ही घेतच नाही. त्याला कायद्याचे कारण आहेच, पण बैठकीनंतर सभासदांना घरी जाऊन नातवंडांशी बोलायचे असते, हेही एक कारण आहे.

मंडळाची संमती आणि प्रतींचा प्रश्न

ग्रंथालय महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम, १९६७ खाली मान्यताप्राप्त असो वा एखाद्या संस्थेचे खासगी वाचनालय असो, कार्यकारी मंडळाची लेखी संमती घेतल्याशिवाय सुरुवात करू नये. कार्यवाहांच्या नावे एक पानाचा अर्ज पुरतो. त्यात गटाचा उद्देश, सभासदांचे किमान वय (आम्ही १८ ठेवले आहे), बैठकीचा वार व वेळ, पहिल्या तीन प्रकरणांची नावे आणि वर सांगितलेल्या मर्यादा लिहाव्यात. मंडळातील एखादे ज्येष्ठ सदस्य ‘वाचनालयात खुनाखुनीची चर्चा कशाला?’ असे विचारतील. त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा त्यांना पहिल्या बैठकीचे निमंत्रण द्यावे. आमच्याकडे ज्यांनी सर्वांत तीव्र हरकत घेतली होती, त्याच गृहस्थांनी पुढे घरातील जुन्या कात्रणांची वही आणून दिली.

खरी अडचण प्रतींची असते. बहुतेक ग्रंथालयांत एका पुस्तकाची एक किंवा दोनच प्रती असतात आणि गटासाठी पंधरा प्रती विकत घेणे कोणालाच परवडत नाही. येथे साधा हिशेब करावा. दोन प्रती असतील आणि प्रत्येक वाचकाला सात दिवस मिळणार असतील, तर सहा आठवड्यांत बारा जणांचे वाचन होते. म्हणून सुरुवातीला गट बारा जणांचा ठेवावा आणि बैठक दर महिन्याला न घेता दोन महिन्यांतून एकदा घ्यावी. मधल्या महिन्यात निकालपत्राचे वाचन ठेवता येते. पुस्तकावर पाळीची चिठ्ठी चिकटवावी, पुढच्या वाचकाचे नाव आधीच लिहून ठेवावे आणि उशीर झाल्यास दंडापेक्षा दूरध्वनी अधिक उपयोगी पडतो, हे लक्षात ठेवावे. संपूर्ण पुस्तकाच्या छायाप्रती काढून वाटणे मात्र लेखकावर अन्याय करणारे आणि बेकायदेशीर आहे.

निकालपत्रांची गोष्ट वेगळी आहे. प्रताधिकार अधिनियम, १९५७ च्या कलम ५२ नुसार न्यायालयाने मनाई केलेली नसेल, तर निकालाची प्रत काढणे व वाटणे हा प्रताधिकाराचा भंग ठरत नाही. सर्वोच्च न्यायालयाचे निकाल त्याच्या संकेतस्थळावर विनामूल्य उपलब्ध आहेत आणि त्यांपैकी अनेकांचे मराठी अनुवादही तेथे ठेवलेले आहेत. त्यामुळे ज्या गटाकडे पुस्तकांसाठी एक रुपयाही नाही, तो गटही केवळ निकालपत्रांवर वर्षभर चालू शकतो. निकालपत्राची भाषा सुरुवातीला जड वाटते. परंतु साक्षीदार काय म्हणाला, उलटतपासणीत काय निघाले आणि न्यायाधीशांनी त्यातील काय ग्राह्य धरले, हे तीन थर तेथे स्वच्छ वेगळे दिसतात. एवढी स्वच्छ मांडणी पुस्तकांत क्वचितच आढळते.

पहिले प्रकरण कोणते घ्यावे

पहिल्या बैठकीसाठी सर्वाधिक गाजलेले प्रकरण निवडण्याचा मोह टाळावा. गाजलेल्या प्रकरणाविषयी प्रत्येकाचे मत आधीच झालेले असते आणि वाचनाला जागा उरत नाही. माझी शिफारस अनंत चिंतामण लागू विरुद्ध मुंबई राज्य या खटल्याची आहे. हे प्रकरण जुने आहे, पुण्यातले आहे, त्यात रक्ताचा थेंब नाही आणि तरीही दोन तास बोलावे इतका विचार त्यात भरलेला आहे.

लक्ष्मीबाई कर्वे या पुण्यातील सधन विधवा होत्या. त्यांना मधुमेह होता. डॉ. लागू हे त्यांचे वैद्यकीय सल्लागार होते आणि त्यांच्या आर्थिक व्यवहारांतही त्यांचा हात होता. १२ नोव्हेंबर १९५६ च्या रात्री दोघेही रेल्वेने मुंबईला निघाले. पहाटे गाडी मुंबईस पोहोचली तेव्हा लक्ष्मीबाई बेशुद्ध होत्या. डॉक्टरांनी त्यांना जी. टी. रुग्णालयात दाखल केले, पण नोंद वेगळ्या नावाने केली. १३ तारखेलाच त्यांचा मृत्यू झाला. कोणी नातलग पुढे न आल्याने मृतदेह बेवारस म्हणून राहिला. काही दिवसांनी शवविच्छेदन झाले आणि रासायनिक तपासणीत कोणतेही विष आढळले नाही. पुढे पुण्यातील परिचितांना लक्ष्मीबाईंच्या नावाने पत्रे येत राहिली. आपण तीर्थयात्रेला निघालो आहोत आणि नंतर पुनर्विवाह केला आहे, असा मजकूर त्यांत होता. दरम्यान त्यांची मालमत्ता टप्प्याटप्प्याने डॉक्टरांच्या ताब्यात जात होती. अटक झाली ती १९५८ मध्ये.

सत्र न्यायालयाने फाशीची शिक्षा दिली, उच्च न्यायालयाने ती कायम केली आणि १४ डिसेंबर १९५९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अपील फेटाळले. मात्र हा निर्णय एकमताचा नव्हता. न्या. कपूर आणि न्या. हिदायतुल्ला यांच्या मते परिस्थितीजन्य पुराव्याची, म्हणजे प्रत्यक्ष पाहणारा साक्षीदार नसताना आजूबाजूच्या घटनांवरून उभ्या राहणाऱ्या पुराव्याची, साखळी पूर्ण होती. विष सापडले नाही म्हणून विषप्रयोग झाला नाही असे मानण्याचे कारण नव्हते, कारण आरोपीचे आधीचे आणि नंतरचे वर्तन दुसऱ्या कोणत्याही अर्थाने समजावता येत नव्हते. न्या. सरकार यांनी भिन्नमत दिले. लक्ष्मीबाईंचा मृत्यू अनैसर्गिक होता, हेच सिद्ध झालेले नाही, असे त्यांचे म्हणणे होते. खोटी पत्रे आणि मालमत्तेचा अपहार यांवरून माणूस अप्रामाणिक ठरतो. तेवढ्यावर तो खुनी ठरतो का, हा प्रश्न त्या भिन्नमतामुळे आजही उघडा राहतो.

वाचक गटाला हेच हवे असते. निम्म्या सभासदांना बहुमताचा निकाल आणि निम्म्यांना भिन्नमत वाचायला द्यावे. दोन्ही बाजूंनी आपले वाचन मांडून झाल्यावर पाने अदलाबदल करावीत. आमच्या बैठकीत सुरुवातीला ‘यात काय वाचायचे, दोषी तर दिसतोच आहे’ असे म्हणणाऱ्या एक निवृत्त शिक्षिका भिन्नमत वाचून बराच वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग त्यांनी विचारले, “पण मग मला इतकी खात्री कशाने वाटत होती?” त्या दिवशी त्या प्रश्नाचे उत्तर कोणीही देण्याची घाई केली नाही.

याच निवाड्याच्या शेजारी पुढच्या बैठकीत शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा १९८४ चा निकाल ठेवावा. तोही पुण्यातलाच, तेथेही विषाने झालेला मृत्यू आणि परिस्थितीजन्य पुरावा; मात्र सर्वोच्च न्यायालयाने आरोपीची निर्दोष मुक्तता केली. परिस्थितीजन्य पुराव्याच्या ज्या पाच कसोट्यांना वकील मंडळी ‘पंचशील’ म्हणतात, त्या याच निकालात एकत्र मांडलेल्या आहेत. प्रत्येक परिस्थिती पूर्णपणे सिद्ध झालेली असावी, ती फक्त आरोपीच्या दोषाशीच जुळणारी असावी, तिचे स्वरूप निर्णायक असावे, दुसरी कोणतीही शक्यता तिने उरू देऊ नये आणि साखळीत एकही दुवा तुटका नसावा, असा त्यांचा मथितार्थ आहे. या पाच ओळी मोठ्या अक्षरांत लिहून बैठकीच्या खोलीत लावाव्यात. लागू खटला १९५९ चा आणि ही मांडणी १९८४ ची. आजची फूटपट्टी पूर्वीच्या निकालाला लावली तर काय दिसते, यावर आमच्याकडे झालेली चर्चा गटाच्या सर्वांत चांगल्या चर्चांपैकी एक होती.

प्रत्यक्ष बैठक

दीड तास पुरतो. संध्याकाळी साडेचार ते सहा ही वेळ आम्हांला सोयीची पडली आहे, कारण अशा विषयावर बोलून झाल्यावर अंधारात एकट्याने घरी जावे लागू नये, अशी काही सभासदांची रास्त मागणी होती. खुर्च्या गोलाकार मांडाव्यात. वाचन विभागात शांतता असते, म्हणून बैठक स्वतंत्र खोलीत घ्यावी आणि दार लावून घ्यावे; बालविभाग शेजारी असेल तर वेळच बदलावी.

पहिली पंधरा मिनिटे मृत व्यक्तीसाठी राखून ठेवावीत. ती कोण होती, काय करत होती, पुस्तकात तिच्याविषयी किती पाने आहेत आणि आरोपीविषयी किती, हे एका सभासदाने आधी मोजून आणावे. हा मोजण्याचा प्रकार यांत्रिक वाटेल. पण तीनशे पानांच्या पुस्तकात ज्यांचा जीव गेला त्यांच्या वाट्याला जेमतेम चार-पाच पाने आलेली आहेत, हे आकड्यात दिसले की पुढची सगळी चर्चा वेगळ्या स्वरात होते. लक्ष्मीबाईंच्या बाबतीत निकालपत्रातून त्यांची दुखणी आणि त्यांची मालमत्ता, एवढेच प्रामुख्याने कळते. त्या काय वाचत, कोणाशी बोलत, त्यांना कशाचा आनंद होई, हे कागदपत्रांत नाही. ते नाही, याची नोंदसुद्धा बैठकीत मोठ्याने व्हावी.

त्यानंतर फळ्यावर तीन रकाने आखावेत: ‘सिद्ध झालेले’, ‘कोणीतरी सांगितलेले’ आणि ‘लेखकाने कल्पिलेले’. पुस्तकातील दहा-बारा महत्त्वाची विधाने घेऊन प्रत्येक विधान कोणत्या रकान्यात बसते, ते ठरवावे. तिसरा रकाना सुरुवातीला रिकामा राहतो, कारण छापलेले ते खरे, अशी आपली जुनी सवय असते. ‘त्या रात्री त्याच्या मनात विचारांचे काहूर माजले होते’ असे वाक्य आले की विचारावे: हे लेखकाला कोणी सांगितले? खोलीत दोघेच होते आणि त्यांपैकी एक मरण पावला, तर हा संवाद कोणाच्या स्मरणातून आला? या प्रकारच्या लेखनातील सर्वांत प्रसिद्ध इंग्रजी पुस्तक म्हणजे ट्रुमन कपोटी यांचे ‘इन कोल्ड ब्लड’. कॅन्ससमधील एका कुटुंबातील चौघांच्या १९५९ मधील हत्येवर ते आहे. त्याच्या शेवटी येणारा स्मशानभूमीतील प्रसंग प्रत्यक्षात घडलाच नव्हता, हे पुढे उघड झाले. इतक्या मान्यवर पुस्तकाची ही गोष्ट असेल, तर घाईत लिहिलेल्या पुस्तकांकडे किती सावधपणे पाहावे, हे वेगळे सांगावे लागत नाही.

शब्दांची शिस्त अगदी पहिल्या बैठकीपासून पाळावी. ‘आरोपी’ आणि ‘दोषी’ हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरू नयेत. वरच्या न्यायालयाने निर्दोष ठरवलेल्या माणसाविषयी ‘सुटला’ असे न म्हणता ‘निर्दोष ठरला’ असे म्हणावे. ‘नराधम’, ‘क्रूरकर्मा’, ‘माथेफिरू’ हे मथळ्यांतले शब्द बैठकीबाहेर ठेवावेत. शेवटच्या शब्दाबद्दल मी विशेष आग्रही आहे. अनेक खुनांच्या प्रकरणात १९६८ मध्ये मुंबईत पकडल्या गेलेल्या रामन राघव याला सत्र न्यायालयाने फाशी सुनावली होती. पुढे मानसोपचारतज्ज्ञांच्या तपासणीत तो गंभीर मानसिक आजाराने ग्रस्त असल्याचे दिसले आणि फाशी रद्द होऊन जन्मठेप झाली. ‘माथेफिरू’ म्हटल्याने त्या आजाराविषयी काहीही कळत नाही. उलट तोच आजार असलेल्या आणि कोणालाही कधी इजा न केलेल्या हजारो माणसांवर मात्र शिक्का बसतो.

काही कायदेशीर संज्ञा एकदा नीट समजावून घेतल्या की पुढील वाचन सोपे होते: पंचनामा, उलटतपासणी, माफीचा साक्षीदार, मृत्युपूर्व जबानी, संशयाचा फायदा. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही, ही गोष्ट तर बहुतेक वाचकांना चकित करते. जुन्या पुरावा अधिनियमाच्या कलम २५ मध्ये असलेला हा नियम नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम २३ मध्ये आला आहे. पुस्तकात ‘अखेर त्याने पोलीस कोठडीत सर्व कबूल केले’ असे वाक्य येते, तेव्हा कथा तेथे संपलेली असते. खटला मात्र त्यानंतर सुरू होतो.

जेथे गट अडखळतो

पहिली अडचण जात आणि धर्माची येते. आरोपीचे किंवा मृताचे आडनाव उच्चारले गेले की कोणीतरी ‘त्यांच्यात असेच असते’ असे म्हणते. चालकाने हे वाक्य तेथल्या तेथे, शांतपणे आणि प्रत्येक वेळी थांबवावे. एकदा सोडून दिले तर दुसऱ्यांदा थांबवणे अवघड जाते. एका माणसाच्या गुन्ह्यावरून समाजाविषयी निष्कर्ष काढण्यासाठी तिसऱ्या रकान्यातही जागा नाही, एवढे सांगून पुढे जावे.

दुसरी अडचण आमच्याकडे नकळत आली. जवळच्या गावातील जुन्या प्रकरणावरचे एक पुस्तक आम्ही निवडले होते. चर्चा रंगात आली असताना मागच्या खुर्चीवरील एक सभासद उठून गेले. त्या प्रकरणातील मृत स्त्री त्यांची मावशी होती, हे आम्हांला दोन दिवसांनी समजले. चूक माझी होती. निवड करण्यापूर्वी मी कोणालाच विचारले नव्हते. तेव्हापासून प्रत्येक प्रकरणाचे नाव दोन महिने आधी फलकावर लागते आणि त्याखाली ‘या निवडीबद्दल हरकत असल्यास ग्रंथपालांना खासगीत कळवावे, कारण सांगण्याची आवश्यकता नाही’ अशी ओळ असते. आपल्या जिल्ह्यातील प्रकरण पहिल्या वर्षात घेऊच नये, असा नियमही आम्ही केला आहे. ते सभासद काही महिन्यांनी परत आले आणि आज पुस्तकांची निवड करणाऱ्या तिघांपैकी ते एक आहेत.

पाहुण्यांच्या बाबतीत संयम बाळगावा. निवृत्त पोलीस अधिकारी, सरकारी वकील किंवा न्यायवैद्यकशास्त्राचे अध्यापक आनंदाने येतात. त्यांना वीस मिनिटे बोलू द्यावे आणि उरलेला वेळ प्रश्नांसाठी ठेवावा. चालू प्रकरणांविषयी बोलू नये, ही विनंती निमंत्रणपत्रातच करावी. शक्य असेल तेव्हा सरकारी वकिलाबरोबर बचाव पक्षाच्या वकिलालाही बोलवावे, कारण वाचकांना एकच बाजू ऐकण्याची सवय आधीच झालेली असते. पीडित कुटुंबातील कोणाला ‘अनुभवकथन’ करण्यासाठी बोलावणे मला योग्य वाटत नाही. ते स्वतःहून आले आणि बोलू इच्छित असले, तर गोष्ट निराळी.

व्हॉट्सॲप गट फक्त सूचनांपुरता ठेवावा. त्यावर घटनास्थळाची छायाचित्रे, बातम्यांचे दुवे आणि ‘हे खरे आहे का?’ असे अग्रेषित मजकूर येऊ लागले, तर संदेश पाठवण्याचा अधिकार केवळ चालकाकडे ठेवणे हाच उपाय आहे.

पुढील प्रकरणे

गट वर्षभर टिकला, तर गाजलेल्या प्रकरणांकडे वळावे. नानावटी खटल्यासाठी दोन बैठका ठेवाव्यात. २७ एप्रिल १९५९ रोजी नौदलातील कमांडर कावस नानावटी यांनी आपल्या पत्नीचे प्रियकर प्रेम आहुजा यांना गोळ्या झाडून ठार केले. ज्यूरीने, म्हणजे खटल्यात कौल देण्यासाठी नेमलेल्या नऊ नागरिकांनी, आठ विरुद्ध एक मताने नानावटींना निर्दोष ठरवले. सत्र न्यायाधीशांनी तो कौल न स्वीकारता प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले आणि तेथे झालेली जन्मठेप सर्वोच्च न्यायालयाने २४ नोव्हेंबर १९६१ रोजी कायम केली. पुढे १९६४ मध्ये राज्यपालांनी त्यांना माफी दिली. ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाने नानावटींच्या बाजूने चालवलेली मोहीम हा या प्रकरणाचा अविभाज्य भाग आहे. एका बैठकीत केवळ वर्तमानपत्रे आणि पुस्तके, तर दुसऱ्या बैठकीत केवळ निकाल वाचावा. आहुजा यांच्या बहिणीच्या बाजूने हे प्रकरण कसे दिसले असेल, हा प्रश्न पहिल्या बैठकीत सहसा कोणी विचारत नाही. चालकाने तो विचारावा.

बावला खून खटला स्त्रीवाचकांनी विशेष आवर्जून निवडला. १२ जानेवारी १९२५ रोजी मुंबईतील मलबार हिलवर अब्दुल कादर बावला यांची हत्या झाली. इंदूर दरबारातून निघून आलेल्या मुमताज बेगम यांना पळवून नेण्यासाठी तो हल्ला होता आणि त्याची परिणती पुढच्या वर्षी महाराज तुकोजीराव होळकर (तिसरे) यांच्या पदत्यागात झाली. या प्रकरणावरील लेखनात मुमताज ‘कारण’ म्हणून येतात की स्वतःचा निर्णय घेणारी आणि हल्ल्यात जखमी झालेली व्यक्ती म्हणून येतात, हे तपासून पाहावे.

परभणी जिल्ह्यातील मानवत येथील १९७२ ते १९७४ दरम्यानच्या, नरबळीशी जोडल्या गेलेल्या हत्या वाचताना तपास अधिकारी रमाकांत कुलकर्णी यांचे आत्मकथन हाताशी ठेवावे. मात्र ते तपास करणाऱ्याच्या खुर्चीतून लिहिलेले आहे आणि कनिष्ठ न्यायालयाने दोषी ठरवलेल्यांपैकी काहींची पुढे सुटका झाली, हे ध्यानात घ्यावे. या बैठकीत २०१३ चा महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदाही वाचता येतो.

जोशी-अभ्यंकर हत्याकांड मी सर्वांत शेवटी ठेवतो. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात पुण्यात दहा जणांचा बळी गेला आणि २७ नोव्हेंबर १९८३ रोजी चौघांना येरवड्यात फाशी झाली. त्यांपैकी मुनव्वर शाह याने तुरुंगात लिहिलेले ‘येस, आय ॲम गिल्टी’ हे आत्मकथन अनेक ग्रंथालयांत आहे. या पुस्तकाविषयी दोन मते प्रामाणिकपणे असू शकतात. काहींना तो पश्चात्तापाचा दस्तऐवज वाटतो. काहींना ज्यांना बोलायला उरूच दिले नाही त्यांच्या जागी मारणाऱ्याला बोलू देणे असह्य वाटते. पुण्यातील कोणत्याही गटात त्या काळी घराला जास्तीच्या कड्या लावल्याचे, संध्याकाळनंतर दार न उघडल्याचे आठवणारे सभासद असतातच. त्यांच्या आठवणी पुस्तकाआधी ऐकाव्यात आणि त्या ‘कोणीतरी सांगितलेले’ या रकान्यात आदराने लिहाव्यात.

प्रत्येक बैठकीची नोंद एका जाड वहीत ठेवावी: तारीख, पुस्तक किंवा निकाल, उपस्थिती, फळ्यावरचे तीन रकाने जसेच्या तसे आणि अनुत्तरित राहिलेले प्रश्न. मतदान घेऊ नये, म्हणून निष्कर्षाचा रकाना वहीत नसावा. ही वही ग्रंथपालांच्या टेबलावर न ठेवता त्या विषयाच्या कपाटातच ठेवावी. गटात कधीही न आलेला एखादा वाचक ते पुस्तक घरी नेण्यापूर्वी ती चाळतो आणि कधीकधी समासात पेन्सिलीने आपला प्रश्न लिहून जातो. पुढच्या बैठकीची सुरुवात आम्ही त्या प्रश्नाने करतो.